पंचवीस सिगारी आणि एक घट्ट झाकणाचा डबा

परदेशातून येताना कुणी सिगारींची पेटी आणली, की बहुतेक घरांत ती शोकेसमध्ये नाहीतर कपड्यांच्या कपाटात जाते. आमच्या ठाण्याच्या घरातही तसंच झालं. मेहुण्यांनी एप्रिलमध्ये पंचवीस सिगारींची लाकडी पेटी दिली. २०१६च्या बॅगेज नियमांत प्रवाशाला २५ सिगारींपर्यंत शुल्क माफ होतं, त्यामुळे आपल्याकडे भेट म्हणून येते ती बहुधा पंचवीसचीच पेटी. मी ती कपाटात शालींच्या शेजारी ठेवली आणि जुलैच्या अखेरीस उघडली. वरच्या थरातल्या सिगारींवर हिरवट-पांढरी लव आली होती. खालच्या थरात दोन सिगारींना टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती. ज्या धड दिसत होत्या, त्यांना डांबर गोळ्यांचा वास लागला होता.

बुरशी, कीड आणि वास. आपल्या घरात सिगार नासते ती या तीन कारणांनी, आणि देशावरच्या उन्हाळ्यात चौथ्या कारणाने, म्हणजे कोरडी पडून. या चारही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारींसाठी केलेली खास लाकडी पेटी, विकत घ्यायची गरज नाही. घट्ट झाकणाचा एक डबा, आर्द्रता राखणारी एक पुडी, एक छोटा आर्द्रतामापक आणि घरातली योग्य जागा एवढं पुरतं. आपल्या हवेत तर साध्या लाकडी ह्युमिडॉरपेक्षा असा डबा जास्त भरवशाचा ठरतो. तो का, आणि कसा लावायचा, ते पाहू.

सिगारीला नेमकं काय लागतं?

हाताने वळलेली सिगार म्हणजे तंबाखूच्या पानांचे तीन थर. आत लांब पानांचा भराव, त्याभोवती बांधणीचं पान आणि सगळ्यात बाहेर वेष्टनाचं पातळ, तलम पान. कागद नाही, गाळणी नाही. आणि तंबाखूचं पान हवेतला ओलावा सारखं घेत असतं आणि सोडत असतं. निपाणीकडच्या तंबाखू उत्पादकांना हे सांगावं लागणार नाही. वाळलेलं पान दवाच्या वेळी हाताळलं तर मऊ असतं, तेच भर दुपारी हातात घेतलं तर चुरा होतो. सिगारीत हेच पान असतं, फक्त घट्ट वळलेलं.

म्हणून सिगारीभोवतीची हवा बेताची ओलसर हवी. जुना संकेत आहे ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि सुमारे २१ अंश सेल्सिअस तापमान. हे आकडे थंड देशांतल्या घरांना धरून रूढ झाले. तिथे हिवाळ्यात घरं तापवतात, आतली हवा कोरडी पडते आणि सिगार सुकते. त्यामुळे तिकडच्या सल्ल्याचा सगळा भर ओलावा वाढवण्यावर असतो. आपलं दुखणं वेगळं आहे. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते आणि घरातलं तापमान २८-३० अंशांवर असतं. अशा उबेत ७० टक्के ओलावा म्हणजे बुरशीच्या उंबरठ्यावर उभं राहणं. आपल्या घरासाठी ६२ ते ६५ टक्के हेच लक्ष्य धरावं. सिगार थोडी कोरडी राहिली तरी चांगली जळते, ओली राहिली तर विझत राहते आणि कडवट लागते.

आकड्याइतकंच महत्त्व आहे ते स्थिरतेला. रोज ६४ टक्क्यांवर असलेली सिगार महिनोन् महिने टिकते. आज ५५, उद्या ७५ असे हेलकावे खाणारी सिगार फुगते, आकसते आणि तिचं वेष्टन तडकतं.

आधी पाहा, सगळ्या सिगारींना हे लागतं का?

नाही. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुलकडचे सुरुट, म्हणजे आपण जुन्या मराठीत ज्यांना चिरूट म्हणत आलो, ते कोरडेच ओढायचे असतात. सर आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८८७च्या पहिल्याच शेरलॉक होम्स कादंबरीत राखेवरून ओळखली जाते ती याच तिरुचिरापल्लीची सिगार. या चिरुटांना कोरडा, बंद डबा पुरे. यंत्रावर बनलेल्या बारीक सिगारी आणि हॉलंडच्या पद्धतीच्या कोरड्या सिगारींनाही वेगळी आर्द्रता लागत नाही. त्या पॅकबंदच ठेवाव्यात.

क्यूबा, डॉमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरास इथल्या हाताने वळलेल्या सिगारींना मात्र पुढचं सगळं लागू आहे. दोनचारच सिगारी असतील आणि पंधरा दिवसांत संपणार असतील, तर झिपच्या जाड पिशवीत एक छोटी आर्द्रतेची पुडी घालून ठेवली तरी भागतं. डब्याची तयारी आहे ती महिनोन् महिने ठेवायच्या सिगारींसाठी.

डबा कोणता घ्यावा?

झाकणाला रबर किंवा सिलिकॉनची कड आणि चारही बाजूंना खटके असलेला, अन्न साठवण्यासाठीचा प्लास्टिकचा डबा घ्या. तारेच्या खटक्याची आणि रबरी कडेची काचेची बरणीही उत्तम, फक्त ती अंधारात ठेवावी लागते. पंचवीस सिगारींसाठी तीन-साडेतीन लिटरचा डबा पुरतो. दोनतृतीयांशापर्यंत भरावा, वर थोडी हवा राहू द्यावी.

डबा नवाच हवा. ज्यात कधी काळी मसाला, लोणचं, सुंठ किंवा कॉफी होती, तो कितीही घासला तरी वास सोडत नाही, आणि तंबाखूचं पान तो वास शोषून घेतं. नवा डबाही वास न येणाऱ्या साबणाने धुवा, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने विसळा, पूर्ण वाळवा. मग झाकण लावून चोवीस तास ठेवा आणि उघडल्या उघडल्या नाक लावून पाहा. प्लास्टिकचा वास आला तर आणखी दोन दिवस उघडा ठेवा. डबा हवाबंद आहे का तेही तपासा. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून, झाकण लावून डबा पाण्याच्या बादलीत अर्धा मिनिट दाबून धरा. कागद कोरडा निघाला तर डबा कामाचा.

लाकडी ह्युमिडॉरपेक्षा हा डबा भरवशाचा, असं मी वर म्हटलं ते यामुळेच. लाकूड स्वतः ओलावा घेतं आणि सोडतं, आणि साध्या पेट्यांची झाकणं पुरती घट्ट बसत नाहीत. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा त्यांच्यात झिरपत राहते. रबरी कडेचा डबा बाहेरच्या हवेला आत येऊच देत नाही.

ह्युमिडॉरच्या आतलं सुगंधी लाकूड म्हणजे ‘स्पॅनिश सीडर’. नाव सीडर असलं तरी ते देवदाराच्या जातीचं नाही, कडुनिंब आणि महोगनी यांच्या कुळातलं आहे. सिगारींच्या मूळ पेटीत थरांमध्ये त्याच लाकडाचे पातळ पत्रे असतात. पेटी रिकामी झाली तरी ते फेकू नका, डब्याच्या तळाशी घाला. देवदार किंवा चंदनाचे तुकडे त्याऐवजी घालू नयेत. त्यांचं तेल आणि वास सिगारीवर चढतो.

ओलावा कशाने राखायचा?

सर्वांत सोपी आणि खात्रीची गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंनी काम करणारी आर्द्रतेची पुडी. बोव्हेडा हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. पुडीत पाणी आणि क्षाराचं दाट द्रावण असतं आणि तिचं आवरण फक्त पाण्याची वाफ ये-जा करू देतं. डब्यातली हवा कोरडी पडली तर पुडी वाफ सोडते, हवा दमट झाली तर शोषून घेते. पुडीवर ६२, ६५, ६९, ७२ असे आकडे छापलेले असतात. आपल्या घरासाठी ६२ किंवा ६५ची घ्या. पंचवीस सिगारींना ६० ग्रॅमची एक पुडी पुरते. पुडी दाबल्यावर मऊ लागते तोवर चालू आहे. आतलं द्रावण घट्ट होऊन खडे हाताला लागले, की बदलावी.

पुडी मिळाली नाही, तर साबणाच्या छोट्या डबीला भोकं पाडून तिच्यात नव्या स्पंजचा तुकडा ठेवता येतो. तो डिस्टिल्ड पाण्याने भिजवायचा आणि घट्ट पिळायचा. नळाचं पाणी वापरू नये, त्यातले क्षार स्पंजमध्ये साचतात आणि सोबत बुरशीचे बीजाणूही येतात. पण हे ध्यानात ठेवा की स्पंज फक्त ओलावा देतो, जास्तीचा ओलावा परत घेत नाही. म्हणून हा उपाय पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यासाठी किंवा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर डब्यात ओला स्पंज ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण.

सफरचंदाची फोड, बटाट्याचा काप, पावाचा तुकडा, रममध्ये बुडवलेला कापूस हे ऐकीव उपाय करू नका. अन्नपदार्थ आधी स्वतः बुरसतात आणि मग सिगारींना बुरसवतात.

आर्द्रतामापकाची मिठाने परीक्षा

डब्यात एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर हवाच. स्वस्तातला चालेल, पण तो किती चुकतो ते आपल्याला माहीत हवं. ही परीक्षा स्वयंपाकघरातल्या मिठाने होते. बाटलीचं बूच घ्या. त्यात चमचाभर मीठ घालून पाण्याचे थेंब टाका. मीठ विरघळून जाता कामा नये, ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. हे बूच आणि हायग्रोमीटर शेजारी शेजारी झिपच्या पिशवीत ठेवा, पिशवी घट्ट बंद करा आणि एका रात्रीसाठी, शक्य तर चोवीस तासांसाठी, हलवू नका. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन ठरते, हा मिठाचा गुणधर्म आहे. सकाळी पिशवी न उघडता आकड्याकडे बघा. ७५ दाखवत असेल तर यंत्र बरोबर. ७१ दाखवत असेल तर ते चार टक्के कमी दाखवतं. तो फरक कागदाच्या चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या पाठीवर चिकटवा.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण चार टक्के कमी दाखवणाऱ्या यंत्रावर ६९ दिसत असतील, तर डब्यात प्रत्यक्षात ७३ आहेत, आणि पावसाळ्यात बुरशी यायला तेवढा फरक पुरतो.

घरात जागा कोणती?

डबा हवाबंद असला तरी उष्णता त्याला भेदून आत जातेच. म्हणून जागेची निवड डब्याच्या निवडीइतकीच महत्त्वाची. घरातली सर्वांत गार, अंधारी आणि दिवसभर सारख्या तापमानाची जागा शोधा. बहुधा ती आतल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा असते.

माळ्यावर ठेवू नका, वरच्या स्लॅबचं ऊन तिथे सर्वांत आधी पोचतं. पश्चिमेच्या भिंतीचं कपाट टाळा. फ्रिजच्या माथ्यावर, टीव्हीच्या मागे, गाडीच्या कप्प्यात नको. देवघराजवळ उदबत्ती आणि धुपाचा वास, कपड्यांच्या कपाटात डांबर गोळ्या आणि अत्तर, म्हणून ही ठिकाणंही नकोत. एसीच्या खोलीत रात्री २३ आणि दुपारी ३३ अंश असा फेर होतो. त्यापेक्षा कायम २७ अंशांवर राहणारा कोपरा बरा. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात डबा कूलरच्या झोतासमोर न ठेवता, थर्मोकोलच्या जाड पेटीत बंद करून गार खोलीत जमिनीवर ठेवा. थर्मोकोल डब्याला थंड करत नाही, पण दुपारचा तडाखा आत पोचायला उशीर लावतो.

फ्रिजमध्ये ठेवावं का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. कायमचं ठेवू नये. आजच्या फ्रिजमधली हवा फार कोरडी असते, आणि सैल झाकणाच्या डब्यात लसणाचा, कोथिंबिरीचा वास शिरतो. मे महिन्यात नाइलाज झाला तर डबा दोन पिशव्यांत गुंडाळून भाजीच्या कप्प्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर उघडू नका. गार सिगारीवर बाहेरची दमट हवा लागली की तिच्यावर दव धरतं.

मसाल्यातला किडा आणि सिगारीतली भोकं

तंबाखूचा भुंगा, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी, दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस-तपकिरी कीटक आहे. तो आपल्याला नवा नाही. लाल तिखटात, धण्यात, हळकुंडात जो बारीक भुंगा पडतो तो बऱ्याचदा हाच. त्यामुळे डबा स्वयंपाकघरात ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. त्याची अंडी शेतातून किंवा गोदामातून पानासोबतच आलेली असू शकतात. हवा गार असेल तर ती तशीच पडून राहतात. पारा २४-२५ अंशांच्या वर टिकला की अळ्या निघतात आणि पान पोखरत जातात. आपल्या घरात वर्षातले कितीतरी महिने पारा याच्या वरच असतो.

मोठे उत्पादक सिगारी बाहेर पाठवण्याआधी गोठवतात. तरीही पेटी घरी आल्यावर एकदा गोठवून घेतली तर निर्धास्त राहता येतं. सिगारी दोन झिप पिशव्यांत, हवा काढून, बंद करा. एक दिवस फ्रिजमध्ये, मग फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर किमान चार दिवस. घरात फ्रीझर वारंवार उघडला जात असेल तर आठवडाभर. नंतर पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि एक दिवस बाहेर, पिशवी न उघडता. ही उतरंड गाळली तर वेष्टन तडकतं. भोकं पडलेली सिगार दिसली तर ती लगेच बाहेर टाका आणि उरलेल्या सगळ्या गोठवा. डबा पुसून, कोपरे न्याहाळून, मगच पुन्हा भरा.

बुरशी आली तर

बुरशी लवेसारखी उभी असते, ठिपक्याठिपक्यांनी पसरते, रंग पांढरा, निळसर किंवा हिरवा असतो आणि पुसल्यावर मागे डाग राहतो. जुन्या सिगारीवर तेलाची पांढरी भुकटी येते आणि ते उत्तम मुरल्याचं लक्षण असतं, असं सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका. लवेसारखं दिसतंय तर ती बुरशीच समजा. सिगारीच्या पेटवायच्या टोकाला, म्हणजे आतल्या भरावात, बुरशी दिसली तर सिगार फेकून द्यावी. बाकीच्या कोरड्या कापडाने पुसून वेगळ्या पिशवीत ६२च्या पुडीसोबत ठेवा आणि दोन आठवडे लक्ष ठेवा. डबा धुऊन उन्हात वाळवा, आतले लाकडाचे पत्रे बदला.

कोरडी पडलेली सिगार

बोटांनी हलकेच दाबल्यावर कुरकुर वाजली तर सिगार सुकली आहे. किंचित दबून पुन्हा वर आली तर ठीक. दाबल्यावर भिजल्यासारखी मऊ लागली तर ओली आहे. सुकलेली सिगार घाईने भिजवू नका. वाफ देणं, ओल्या रुमालात गुंडाळणं यांनी भराव झपाट्याने फुगतो आणि बाहेरचं पातळ पान फाटतं. ६२च्या पुडीसोबत दोन आठवडे आणि मग ६५च्या पुडीसोबत आणखी दोन आठवडे ठेवा. महिनाभराने ती ओढण्याजोगी होते. उडून गेलेला सुगंध मात्र परत येत नाही, त्यामुळे ती सुकू न देणं हेच खरं.

वर्षभराचा क्रम

आठवड्यातून एकदा डबा मिनिटभर उघडा, म्हणजे आतली हवा बदलते. त्याच वेळी आकडा पाहा. पावसाची झड लागली असेल तर त्या आठवड्यात उघडू नका. महिन्यातून एकदा खालच्या सिगारी वर आणि वरच्या खाली करा, प्रत्येकीचं टोक पाहा. सेलोफेनचं आवरण असेल तर राहू द्या, त्यातून हवा खेळते आणि एकीची कीड दुसरीकडे लवकर जात नाही. ॲल्युमिनियमच्या नळीतल्या सिगारीचं झाकण मात्र डब्यात ठेवताना सैल करा. व्हॅनिला किंवा कॉफीचा स्वाद दिलेल्या सिगारींना वेगळा डबा, नाहीतर सगळ्यांना तोच वास लागेल. मेच्या अखेरीस पुडी तपासून घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्यात ओलावा शोषण्याची ताकद हवी.

डब्याला कुलूप

एक गोष्ट तितक्याच कळकळीने सांगायची आहे. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. त्यातलं निकोटीन लहान मुलाच्या किंवा पाळलेल्या कुत्र्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. खालच्या कप्प्यात ठेवायचं म्हणजे ते मुलांच्या हाताशी येतं, म्हणून त्या कप्प्याला कुलूप हवंच. अठरा वर्षांखालच्या कुणाला तंबाखू विकणं २००३च्या कायद्याने गुन्हा आहे. घरातल्या मुलांपासून तो दूर ठेवणं हे मोठ्यांचं काम. आणि धूर छातीत घेतला नाही म्हणून सिगार निर्धोक होत नाही. तोंड, घसा आणि अन्ननलिकेचा कर्करोग तिच्यानेही होतो. चांगली सांभाळलेली पेटी वर्षानुवर्षं टिकते, तेव्हा ती संपवायची घाई करायचं काहीच कारण नाही. जो ओढत नाही, त्याने भेट आली म्हणून सुरुवात करू नये. पेटी जाणकाराला देऊन टाकावी.

आमच्याकडे त्या पंचवीसांपैकी शेवटी नऊ उरल्या. त्या साडेतीन लिटरच्या डब्यात ६५च्या पुडीसोबत आतल्या खोलीच्या कपाटात आहेत. त्यानंतर दोन पावसाळे गेले. आकडा ६३ ते ६६च्या पलीकडे गेलेला नाही, आणि एकाही सिगारीवर लव आलेली नाही. तुमच्याकडे पेटी आली असेल, तर ती आजच कपड्यांच्या कपाटातून बाहेर काढा.